शिडाच्या बोटीतून डब्याच्या शोधात

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या जिओकॅशिंगबद्दल, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याच्या खेळाबद्दल.

जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. 2 मे 2000 रोजी ती काढून टाकली, आणि शंभरेक मीटर चुकणारं यंत्र एका रात्रीत वीसेक मीटरांवर आलं. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळच्या रानात, डेव्ह अल्मर यांनी बादलीत पुस्तकं, गलोल असं सटरफटर सामान ठेवलं आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जिओकॅशिंग सुरू झालं ते असं. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा.

जमिनीवर हा खेळ आता फारच सोपा झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनमधल्या बाणामागे चालत राहिलं की झालं. त्याची खरी कसोटी लागते ती शिडाच्या बोटीत. वॉशिंग्टन राज्यातली सॅन वान बेटं घ्या. सरकारी फेरी त्यांतल्या चारच बेटांना जाते. सूशासारख्या बेटावर पोचायला बोटच हवी. बोटीशिवाय गाठता न येणाऱ्या डब्याला या खेळात वाटेच्या अवघडपणाचे पाचापैकी पाच गुण मिळतात.

डब्याचा पत्ता अंश, मिनिटं आणि मिनिटाच्या दशांशांत देतात; सागरी नकाशाचीही हीच रीत. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. त्यामुळे नकाशावर कर्कटक ठेवून बेटापर्यंतचं अंतर कडेच्या अक्षांशपट्टीवर थेट मोजता येतं. मिनिटाचा तिसरा दशांश एकने बदलला, तर जागा दोन मीटरसुद्धा सरकत नाही!

पण यंत्र दाखवतं सरळ रेघ, आणि वारा समोरून असला की शिडाला ती चालत नाही. मग साधारण 45 अंशांत तिरकं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं जावं लागतं. त्यात बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्याला भरती-ओहोटीची जबरदस्त ओढ. ती उलटी असली तर शीड भरलेलं असूनही बोट पुढे सरकत नाही. कोकणातल्या श्रोत्यांना उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांतला फरक मी काय सांगणार!

नांगराचा हिशेब मात्र कागदावर करा. समजा, नांगर टाकताना पाणी 4 मीटर आहे आणि भरतीला आणखी 3 मीटर चढणार आहे. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची 1 मीटर धरा. झाले 8. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे 40 मीटर दोर सोडायचा. आत्ताच्या 4 मीटरांवर हिशेब केला, तर तुम्ही झुडपांत डबा शोधत असताना बोट नांगरासकट घसरू लागेल. म्हणून एक जण बोटीवर थांबलाच पाहिजे. आणि परतीची वेळ काठावर उतरण्यापूर्वीच ठरवा. डबा मिळो न मिळो, ओढ फिरण्याआधी नांगर उचलायचा.