मतपत्रिकेत नसलेली सीमा

[दृश्य: डब्लिनहून बेलफास्टकडे जाणारा महामार्ग, चालत्या गाडीतून]

रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ बघा. आता ती पांढरी झाली. मघाशी वेगमर्यादेची पाटी किलोमीटरमध्ये होती, ही नवी पाटी मैलांमध्ये आहे. बाकी काही बदललं नाही. गाडी थांबवायला लागली नाही, कुणी कागद मागितले नाहीत. पण तेवढ्यात आपण एका देशातून दुसऱ्या देशात आलो. मागे राहिलं ते आयर्लंडचं प्रजासत्ताक. पुढे आहे उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम.

ही सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब आहे. ती शेतांच्या मधून जाते, ओढ्यांवरून जाते, काही ठिकाणी तर एकाच माणसाच्या जमिनीचे दोन तुकडे करून जाते. तिला ओलांडणारे लहानमोठे रस्ते दोनशेहून जास्त आहेत. डब्लिनमध्ये तयार झालेली गिनेस बिअर टँकरने बेलफास्टला जाते, तिथे बाटल्या-डब्यांत भरली जाते आणि निर्यातीसाठी परत डब्लिनच्या बंदरावर येते. उत्तरेतल्या गोठ्यांमधलं जवळपास एक तृतीयांश दूध दक्षिणेतल्या डेअऱ्यांमध्ये जातं. रोज. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

[दृश्य: जून २०१६, मतदान केंद्रांबाहेरच्या रांगा]

२३ जून २०१६. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, असा प्रश्न ब्रिटनने आपल्या मतदारांना विचारला. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हणून सांगितलं, १ कोटी ६१ लाख लोकांनी राहा म्हणून. टक्क्यांत सांगायचं तर ५२ विरुद्ध ४८.

मत कुणाला होतं, हेही बघण्यासारखं आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये राहत होते, त्यांना मताधिकार होता. म्हणजे लंडनमध्ये नोकरीसाठी गेलेला, भारतीय पासपोर्टचा मराठी माणूस मत देऊ शकत होता. त्याच्या शेजारी कितीतरी वर्षं राहिलेल्या पोलिश माणसाला मात्र मत नव्हतं. आणि सीमेपलीकडे आयर्लंडच्या डोनेगलमध्ये राहून रोज उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात कामाला येणाऱ्या माणसालाही नव्हतं.

प्रचार दोन गोष्टींवर गाजला: पैसा आणि स्थलांतर. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, असा मजकूर लिहिलेली लाल बस देशभर फिरली. हा आकडा फुगवलेला होता, कारण ब्रिटनला मिळणारी सवलत आणि परत येणारा निधी त्यात धरलाच नव्हता. पण बाहेर पडा म्हणणाऱ्यांना मूर्ख ठरवणं मला कधीच पटलं नाही. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीसारख्या बंदरात एकेकाळी मासेमारीवर अख्खं गाव जगायचं. तो धंदा बसला, आणि आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत असं तिथल्या माणसाला वाटलं, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? तळमळ दोन्ही बाजूंना होती. विषही होतं. मतदानाला एक आठवडा उरलेला असताना, राहण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्या खासदार जो कॉक्स यांचा भररस्त्यात खून झाला.

या सगळ्या गदारोळात आयर्लंडच्या सीमेचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

[दृश्य: डेरी, फॉइल नदीवरचा पीस ब्रिज]

विचारायचा प्रयत्न झाला होता. मतदानाच्या दोन आठवडे आधी दोन माजी पंतप्रधान डेरीत आले. एक हुजूर पक्षाचे जॉन मेजर, दुसरे मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर. एरवी एकमेकांचे विरोधक, पण या पुलावर दोघं एकत्र चालले आणि म्हणाले की, बाहेर पडलात तर इथल्या शांततेला धक्का बसेल. उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री थेरेसा व्हिलियर्स यांनी ते उडवून लावलं. सीमा आहे तशीच मोकळी राहील, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि ही जाहिरात. उत्तर आयर्लंडमधला डीयूपी हा युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारा पक्ष. तो ब्रेक्झिटच्या, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूचा. त्याने 'मेट्रो' या फुकट वाटल्या जाणाऱ्या दैनिकाला चार पानी जाहिरातीचं वेष्टन घातलं. खर्च, २ लाख ८२ हजार पौंड. ते दैनिक उत्तर आयर्लंडमध्ये वाटलंच जात नाही.

निकाल लागला तेव्हा उत्तर आयर्लंडच्या ५६ टक्के मतदारांनी राहायचं म्हणून सांगितलं होतं. डेरी ज्यात येतं त्या फॉइल मतदारसंघात तर ७८ टक्क्यांनी.

[दृश्य: कृष्णधवल चित्रण, न्यूरीजवळचा कस्टम्स नाका]

सीमेवरच्या लोकांना कशाची धास्ती होती, ते समजायला १९७२ मध्ये जावं लागतं. २२ ऑगस्टला न्यूरीच्या कस्टम्स नाक्यावर आयआरएचा बॉम्ब फुटला. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी ही सशस्त्र संघटना. नऊ माणसं गेली: चार कस्टम्सचे कर्मचारी, दोन ट्रक ड्रायव्हर, आणि बॉम्ब आणणारे तिघे. सीमेवर नाका उभा केला की तो हल्ल्याचं निशाण होतो. मग नाक्याच्या रक्षणाला पोलीस, पोलिसांच्या रक्षणाला लष्कर. ब्रिटिश सैन्याने लहान रस्ते खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. हाकेच्या अंतरावरच्या शेजाऱ्याकडे जायला लांबचा वळसा पडू लागला. तीस वर्षांच्या त्या संघर्षात साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली.

१९९३ मध्ये युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि कस्टम्सची तपासणी संपली. १९९८ मध्ये तो संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला आणि टेहळणीचे मनोरे हळूहळू उतरले. इथल्या माणसाला स्वतःला आयरिश म्हणवता येईल, ब्रिटिश म्हणवता येईल, दोन्हीही म्हणवता येईल, असं तो करार सांगतो. हे जमलं, कारण दोन्ही देश एकाच संघात होते आणि मधल्या रेघेला काही काम उरलं नव्हतं. ब्रेक्झिटने त्या रेघेला पुन्हा कामाला लावलं. हे मतदानाआधी कळण्यासारखं होतं. नकाशा समोर होता.

[दृश्य: ब्रिटिश संसद, २०१९]

पंतप्रधान थेरेसा मे यांना सीमा मोकळी ठेवायची होती आणि युरोपच्या बाजारपेठेतून बाहेरही पडायचं होतं. या दोन गोष्टी एकत्र बसेनात. त्यांचं सरकार डीयूपीच्या दहा खासदारांच्या टेकूवर उभं होतं. दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळा देश युरोपच्या कस्टम्स व्यवस्थेत राहील, असं कलम त्यांनी मान्य केलं. त्याला बॅकस्टॉप म्हणायचे. १५ जानेवारी २०१९ ला संसदेने तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. बाहेर रस्त्यावर एका बाजूला युरोपचे निळे झेंडे, दुसऱ्या बाजूला युनियन जॅक, आणि दोन्हीकडे घसा फुटेस्तोवर घोषणा.

त्याआधी काही महिने, उत्तर आयर्लंडच्या नव्या मंत्री कॅरन ब्रॅडली यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं की, तिथले आयर्लंडशी एकत्र येऊ पाहणारे आयरिश राष्ट्रवादी युनियनिस्ट पक्षांना मत देत नाहीत, हे पद घेईपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. मला हे ऐकून राग आला होता. अजूनही येतो.

[दृश्य: जानेवारी २०१९, न्यूरीजवळ सीमेवरचं आंदोलन]

थेरेसा मे यांचा करार फेटाळला गेल्यावर दहाबारा दिवसांनी सीमेवरच्या रहिवाशांनी रस्त्यात खोटी भिंत बांधली, सैनिकांचे कपडे घालून माणसं उभी केली. मग घण घेऊन ती भिंत स्वतःच फोडली. आमच्या पोराबाळांना हे बघायला लावू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

[दृश्य: वराड, तालुका मालवण]

या कहाणीचा एक धागा आपल्या कोकणात येतो. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे डॉक्टर अशोक वराडकरांचे चिरंजीव. घराण्याचं मूळ गाव सिंधुदुर्गातलं हे वराड. सीमेवर नाका नको, यावर ते अडून बसले. एका ब्रिटिश टॅब्लॉइडने अग्रलेखात त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला युरोपीय नेत्यांच्या जेवणाला ते वर्तमानपत्राचा अंक घेऊन गेले. त्यात न्यूरीच्या त्या बॉम्बस्फोटाची हकीकत होती. बाकीच्या नेत्यांसमोर त्यांनी तो अंक ठेवला.

वर्षभराने, १० ऑक्टोबर २०१९ ला, लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या वाड्यात वराडकर आणि नवे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन भेटले. तिथून वाट निघाली. जमिनीवर तपासणी नाही. ब्रिटनच्या मुख्य बेटावरून उत्तर आयर्लंडला येणारा माल समुद्र ओलांडताना तपासायचा. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला.

[दृश्य: लार्न बंदर, उत्तर आयर्लंड]

मग दुसऱ्या बाजूचं दुखणं सुरू झालं. स्वतःला ब्रिटिश मानणाऱ्या युनियनिस्टांच्या आणि ब्रिटनच्या मध्ये आता कागदपत्रं आली. स्कॉटलंडच्या रोपवाटिकेतलं मातीसकट रोप बेलफास्टच्या बागेत आणता येईना. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याच जॉन्सननी डीयूपीच्या अधिवेशनात सांगितलं होतं की, असल्या व्यवस्थेवर हुजूर पक्षाच्या कुठल्याही सरकारने सही करू नये. वर्ष व्हायच्या आत त्यांनीच ती मान्य केली. फसवल्याची ही भावना खरी आहे, आणि ब्रेक्झिटला विरोध करणाऱ्यांनी तिला हसण्यावारी नेणं बरोबर नाही.

एप्रिल २०२१ मध्ये बेलफास्टच्या रस्त्यावर बस जळली. दगड आणि पेट्रोलबॉम्ब फेकणाऱ्यांत तेरा-चौदा वर्षांची मुलं होती. गुड फ्रायडे कराराच्या कितीतरी नंतर जन्मलेली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपी सरकारमधून बाहेर पडला. दोन वर्षं उत्तर आयर्लंडला स्वतःचं सरकार नव्हतं, आणि दवाखान्यांच्या रांगा लांबत गेल्या. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या विंडसर करारात तपासणी सौम्य झाली: उत्तर आयर्लंडमध्येच विकायच्या मालाला हिरवी मार्गिका, पुढे दक्षिणेत जाऊ शकेल त्याला लाल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार पुन्हा बसलं.

[दृश्य: स्टॉरमाँट, विधानसभेची इमारत]

समुद्रावरच्या तपासणीची ही व्यवस्था चालू ठेवायची की नाही, हे ठरवायचा अधिकार आता इथल्या विधानसभेला आहे. १० डिसेंबर २०२४ ला पहिलं मतदान झालं. चालू ठेवा म्हणणारे ४८, बंद करा म्हणणारे ३६. बाजूने पडलेल्या मतांत एकही मत युनियनिस्टाचं नव्हतं. राष्ट्रवादी आणि युनियनिस्ट या दोन्ही समाजांचा पाठिंबा मिळाला असता, तर पुढचं मतदान आठ वर्षांनी झालं असतं. तसं झालं नाही, म्हणून चारच वर्षांनी, २०२८ मध्ये, हा प्रश्न याच सभागृहात पुन्हा येईल.