रोटाव्हायरसची लस: निम्मं संरक्षण म्हणजे नेमकं किती?

श्रोतेहो, नमस्कार.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला आपण लसीकरणाला नेतो, तेव्हा पोलिओच्या थेंबांबरोबर आणखी एक डोस तोंडावाटे दिला जातो. कार्डावर समोर 'रोटा' असं लिहिलेलं असतं. मांडीत टोचलेली सुई सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण रात्री ताप येतो, बाळ किरकिरतं, घरभर जागरण होतं. तोंडातून दिलेला डोस कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याची आठवण होते नवव्या-दहाव्या महिन्यात, बाळाला जुलाब लागले की. मग आजी कार्ड पुढे करते आणि विचारते, "डॉक्टर, जुलाबाची लस दिलीय ना याला? तिन्ही डोस झालेत. मग हे काय?"

आजींचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. ही लस सगळे जुलाब थांबवत नाही. जुलाब करणारे जंतू पुष्कळ आहेत, त्यांतल्या एका विषाणूवर ती काम करते. त्यातही तिचं मुख्य काम म्हणजे आजार सलाईनपर्यंत जाऊ न देणं. आपल्या देशात हे ती साधारण निम्म्या मुलांच्या बाबतीत साधते. निम्मं हा शब्द ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, काही माझ्याच व्यवसायातले. म्हणून आज या निम्म्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी विषाणूची ओळख. 1973 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे तो दिसला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टर्किश टॉवेलसारखी लव असते, त्या लवेच्या टोकाच्या पेशी अन्नपाणी शोषून घेतात. रोटाव्हायरस नेमक्या त्याच पेशी मारतो. शिवाय त्याचं एक प्रथिन आतड्यातून पाणी बाहेर ओढतं. आधी उलट्या, थोडा ताप आणि मग पाण्यासारखे जुलाब. दहा किलोच्या आतलं मूल एका दिवसात सुकतं. टाळू खोल जाते, डोळे खोल जातात, रडतं पण अश्रू येत नाहीत, सहा-सहा तास लंगोट कोरडा.

घरात मात्र तोवर "दात येतायत, त्याचे जुलाब" असं ठरून गेलेलं असतं. दात येण्याचं वय आणि रोटाव्हायरसचं वय एकच, सहा महिने ते दोन वर्षं. त्यामुळे बिचाऱ्या दातांवर पिढ्यान्‌पिढ्या आळ येत राहिला.

"आम्ही पाणी उकळून देतो, आम्हाला लसीची काय गरज?" असंही विचारतात. पाणी उकळावं, हात धुवावेत, पण रोटाव्हायरस त्याने पुरता अडत नाही. अगदी मोजके कण पोटात गेले तरी लागण होते, आणि आजारी मुलाच्या शौचातून ते अब्जावधींनी बाहेर पडतात. खेळण्यांवर, हातांवर, पलंगाच्या कठड्यावर ते तग धरून राहतात. लस येण्याआधी पाच वर्षांचं होईपर्यंत जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठायचा, मग मूल अमेरिकेतलं असो की आपल्या गावातलं. फरक पुढच्या टप्प्यात पडायचा. तिकडे मूल दवाखान्यात जाऊन बरं व्हायचं. भारतात लस येण्यापूर्वी दर वर्षी सुमारे 78 हजार मुलं या एका विषाणूने दगावत होती.

आता लसीकडे येऊ. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. तिथल्या नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस सापडत होता, पण बाळं ठणठणीत होती. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सौम्य विषाणू जपून ठेवला. 116ई हे त्याचं नाव. त्याचीच पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने 'रोटाव्हॅक' ही लस केली. तिची मोठी चाचणी झाली तीन ठिकाणी: दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू. 6,799 बाळं त्यात होती. दर तीन बाळांमागे दोघांना लस आणि एकाला लशीसारखाच दिसणारा पण लस नसलेला डोस. कुणाला काय मिळालं हे ना आईला ठाऊक, ना डॉक्टरला.

पहिल्या वर्षी लस मिळालेल्या गटात रोटाव्हायरसचा तीव्र आजार 71 वेळा झाला, लस न मिळालेल्या गटात 76 वेळा. ऐकताना आकडे सारखेच वाटतात ना? पण लसवाल्या गटात मुलं दुप्पट होती. म्हणजे तेवढ्याच मुलांमागे आजार निम्म्याहून कमी. हिशेब केला तर संरक्षण 53.6 टक्के येतं. दुसऱ्या वर्षीही ते फारसं उतरलं नाही.

श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लशी तीव्र आजारापासून 90 टक्क्यांच्या आसपास संरक्षण देतात. मग आपल्याकडे निम्मंच का? लस हलकी आहे म्हणून? तसं नाही. परदेशी लशींचीही गरीब देशांत हीच गत होते. हा गुंता सुटायला वेल्लोरच्या एका अभ्यासाची फार मदत होते. तिथे वस्तीतल्या 373 मुलांना जन्मापासून तीन वर्षं सतत पाहिलं गेलं. या मुलांना लस नव्हती, आजार आपसूक व्हायचा. त्याआधी मेक्सिकोत अशाच अभ्यासात दिसलं होतं की दोनदा लागण झालेल्या मुलाला पुन्हा मध्यम किंवा तीव्र आजार होत नाही. वेल्लोरमध्ये तीनदा लागण होऊनही संरक्षण 79 टक्केच. खुद्द आजारही आपल्या मुलांना तितकं शिकवू शकत नाही, तर त्या आजाराची नक्कल असलेली लस कशी शिकवणार?

याची कारणं बरीच सांगितली जातात. आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूला सुरुवातीलाच दाबतात. पोलिओचे थेंब त्याच वेळी आतड्यात असतात. कुपोषण असतं, वारंवारच्या संसर्गाने आतडं थकलेलं असतं. अंगावरच्या दुधामुळे लस निकामी होते का, हेही दिल्लीत तपासून पाहिलं. डोसाच्या आधी-नंतर काही वेळ बाळाला पाजलं नाही, तरी त्याचा काही फायदा दिसला नाही. तेव्हा आयांनो, डोसाआधी आणि डोसानंतर खुशाल पाजा. कुणी थांबायला सांगितलं तर ऐकू नका.

आता एक प्रश्न विचारतो: निम्मं, पण कशाच्या निम्मं? आफ्रिकेतल्या एका चाचणीत एकच लस दक्षिण आफ्रिका आणि मलावी या दोन देशांत दिली गेली. दक्षिण आफ्रिकेत संरक्षण सुमारे 77 टक्के, मलावीत जेमतेम 49. कागदावर मलावी नापास. पण दर 100 मुलांमागे वर्षाला किती तीव्र आजार टळले ते मोजलं, तर दक्षिण आफ्रिकेत चार, मलावीत जवळपास सात. कारण मलावीत आजारच इतका होता की त्याचा अर्धा हिस्सा दुसरीकडच्या पाऊण हिश्श्याहून मोठा भरला. आपला देश मलावीच्या बाजूचा आहे. टक्के बघून लशीला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

भारतात 2016 साली आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांपासून ही लस सरकारी कार्यक्रमात आली. महाराष्ट्रात 2019 साली. रोटाव्हॅकचे पाच थेंब असतात. दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल, तिची पूड विरघळवून अडीच मिली बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत हळूहळू सोडतात. लस आल्यावर नऊ राज्यांतल्या 31 रुग्णालयांत जुलाबाने दाखल झालेल्या मुलांची तपासणी होत राहिली. पूर्वी त्यांतल्या 40 टक्के मुलांमध्ये रोटाव्हायरस सापडत होता, तो 20 टक्क्यांवर आला. रोटाव्हॅकचं संरक्षण भरलं 54 टक्के. चाचणीत जे दिसलं तेच गावोगावच्या धबडग्यातही दिसलं.

एका भीतीबद्दलही बोललं पाहिजे. 1998 मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आली आणि वर्षभरात मागे घ्यावी लागली, कारण तिच्यानंतर काही बाळांमध्ये आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरत होता. म्हणूनच नंतरच्या लशींवर कडक नजर ठेवली गेली. भारतात रोटाव्हॅकबाबत हे मुद्दाम तपासलं, आणि धोका वाढलेला आढळला नाही. तरीही हा आजार लशीविनाही होतो, म्हणून लक्षणं माहीत असावीत: बाळ अधूनमधून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मध्येच शांत होतं, उलट्या होतात, शौचातून रक्त आणि शेंब पडतो. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

आणि तिन्ही डोस होऊनही जुलाब लागलेच तर? ओआरएसची पुडी फोडा आणि तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात सगळी एकदम विरघळवा. पुडी अर्धी-अर्धी करून ग्लासात टाकणं हा आपल्याकडचा ठरलेला घोटाळा. त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. चमच्याचमच्याने पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालू, पेज चालू, खिमट चालू. झिंकच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा स्वतःहून मागू नका. मूल सुस्त पडलं, लघवी होईना, काही पोटात ठरेना, शौचातून रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना.

शेवटी एक तारखेचं. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलींचे डोस हमखास चुकतात, कार्ड सासरी आणि बाळ माहेरी. रोटाचा पहिला डोस बाळ एक वर्षाचं व्हायच्या आत घ्यावा लागतो, त्यानंतर सुरू करत नाहीत. पहिला वेळेत झाला असेल तर राहिलेले दोन चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण होतात, त्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड नसलं तरी माहेरच्या आशाताईंना गाठा. डोस तिथेही मिळतो, आणि फुकट मिळतो.

नमस्कार.