नुरा कुस्तीतला खरा गुन्हा

श्रोतेहो, नमस्कार.

व्यावसायिक कुस्ती म्हणजे निकाल आधीच ठरलेली, दिव्यांच्या झगमगाटातली कुस्ती. या कुस्तीच्या जगात घडणारी गुन्हेगारी कॉमिक्स कशी रचावीत, याबद्दल आज बोलायचं आहे. असली कॉमिक्स फसतात ती बहुतेक एकाच जागी. लेखक नेहमीची गुंडांची गोष्ट घेतो आणि पात्रांना मुखवटे चढवतो. रिंगण उचलून तिथे जुगाराचा अड्डा ठेवला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. मग कुस्ती हवीच कशाला? गुन्हा या धंद्याच्या पोटातूनच निघायला हवा.

या धंद्याचं पोट म्हणजे गल्ला. 1948 साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या वॉटरलू इथे काही प्रमोटर, म्हणजे सामने भरवणारे, जमले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. प्रत्येकाचा मुलुख ठरला, दुसऱ्याच्या मुलखात पाय टाकायचा नाही. एका प्रमोटरशी बिनसलं की पैलवानाला बाकीच्यांचीही दारं बंद होऊ शकत. 1956 मध्ये सरकारच्या न्याय खात्याने या मक्तेदारीला चाप लावला, तरी मुलुख पुढे कित्येक वर्षं टिकले.

पैलवानाची कमाई गल्ल्यावर अवलंबून, आणि गल्ला मोजणार प्रमोटर! समजा, सभागृहात 2,000 माणसं आली, तिकीट 5 डॉलर. जमले 10,000. प्रमोटर सांगतो, माणसं 1,600 होती, म्हणजे 8,000. वरचे 2,000 त्याच्या खिशात, आणि पैलवानांची वाटणी उरलेल्या रकमेतून. पण एक जुना पैलवान पडद्याच्या फटीतून डोकी मोजत उभा आहे. हे चार पॅनलमध्ये, म्हणजे चित्रचौकटींत, बसतं: फट, खुर्च्यांच्या रांगा, बोटांची पेरं मोजणारा अंगठा, आणि ऑफिसातल्या टेबलावर तिकिटांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा. संवादाचा एकही फुगा लागत नाही, आणि खुनाचं कारण तयार.

आता केफेब. खोटं खरं म्हणून जगायची या धंद्याची शपथ. खलनायक, म्हणजे हील, आणि नायक, म्हणजे बेबीफेस, यांनी बाहेरही एकत्र दिसायचं नाही. 1987 च्या मे महिन्यात न्यू जर्सीत दोन नामांकित ‘वैरी’ एकाच गाडीत पोलिसांना सापडले, तेव्हा धंद्यात केवढी खळबळ उडाली! पुढे 1989 मध्ये त्याच राज्यात डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीने विधिमंडळासमोर कबूल केलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर चुकवायचे होते ना. म्हणून गोष्टीचं साल आधी ठरवा. 1975 मध्ये ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हाती असलेल्या, हील आणि बेबीफेस एकत्र दिसणाऱ्या एका फोटोला जबर किंमत येईल. 1995 मध्ये तोच फोटो कोणी फुकटसुद्धा घेणार नाही.

चित्रकारांसाठी रिंगण जरा जवळून पाहू. बाजू साधारण 18 किंवा 20 फूट. खाली पोलादी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कॅनव्हास. ‘धाड्’ असा आवाज येतो तो फळ्यांचा. चारही कोपऱ्यांत दोर खांबाला जोडतो तो टर्नबकल, म्हणजे आटे असलेला पोलादी जोड. फिरवला की दोर ताणतो किंवा सैल पडतो. वरच्या दोराचा टर्नबकल कोणी सैल करून ठेवला, तर त्या दोरावर चढणाऱ्याचा पाय अडचणीच्या क्षणी दगा खातो. पैलवान आत आल्यावर दोर ओढून पाहतो, पण समोरच्या बाजूचा. खरी खुबी या सवयीत आहे. वाचकाला संशय यावा अशी एकच गोष्ट आधी दाखवा: रिंगण उभारणाऱ्या माणसाच्या कमरेला लटकलेला पाना. तोही कोपऱ्यात, छोटा.

दोर चित्रात भारी घोटाळा करतात. तीन आडव्या रेषा प्रत्येक पॅनल कापतात आणि पैलवान कोणत्या बाजूला पडला हेच कळेनासं होतं. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांचे पॅड लाल आणि निळे ठेवा, बाकीचे दोन पांढरे, म्हणजे वाचक दिशा हरवत नाही.

हेडलॉकमध्ये, म्हणजे डोकं काखेत आवळून धरलेलं असताना, दोघांची तोंडं झाकलेली असतात, तेव्हाच पुढचा डाव कानात सांगितला जातो. तुटक रेघांचा छोटा फुगा यासाठीच असतो. प्रेक्षकांसमोरची गर्जना जाड, वेड्यावाकड्या अक्षरांत आणि खाली त्याच माणसाची कुजबुज: ‘हळू, माझं मनगट गेलंय.’ रेफरीने दोन्ही हातांची फुली दाखवली की धंद्यात त्याचा अर्थ ‘खरी दुखापत’. लेखकाला ही खूण सोन्यासारखी आहे, कारण फुली दाखवायला उशीर केलेला रेफरी आपोआप संशयित ठरतो. आणि प्रेक्षक? ते टाळ्या वाजवत बसलेत.

पानांचं गणित सोपं आहे. अंकाची 22 पानं धरली तर सामन्याला चारापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर तपासाला जागाच उरत नाही. विषम पान उजवीकडे येतं, म्हणून त्याच्या शेवटच्या पॅनलमध्ये प्रश्न आणि पान उलटताच सम पानावर दगा. जाहिरातींची पानं मध्ये आली की हे गणित चुकतं, छापण्याआधी नकली अंक बांधून उलटून पाहा.

गंमत म्हणजे, 1954 च्या कॉमिक्स कोडमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घातलेल्या नियमांत, मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द नावातल्या इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठा छापायला आणि एकटा छापायला बंदी होती. शब्दाच्या आकारावर पहारा, हिशेबाच्या वहीवर कोणाचा नाही!

राहता राहिला मुखवटा. खून झाला तेव्हा मुखवटेवाला हजारो लोकांसमोर रिंगणात होता, म्हणजे तो निर्दोष. पण मुखवट्याच्या आत कोण होतं? ही युक्ती चालते, फक्त वाचकाशी प्रामाणिक राहा. तिसऱ्या पानावर कपडे बदलायच्या खोलीत त्याचे बूट काढा आणि नाडीची गाठ बाहेरच्या बाजूला दाखवा. अठराव्या पानावर, सामन्यातल्या एका बिनमहत्त्वाच्या लाथेत, ती गाठ आतल्या बाजूला असू द्या. तिथे फुगा नको, बाण नको, आणि रंगकर्मीला आधीच बजावून ठेवा की नाडी बुटाच्या रंगात बुडवायची नाही.