खुर्ची रिकामी नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पणजोबांच्या काळातला एखादा फोटो तुमच्याही कपाटात असेल. मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिवईवर फुलदाणी, हातात पुस्तक. बहुतेकदा हे सगळं सामान स्टुडिओचंच. पण ते सामान बोलायचं घरातल्या माणसांबद्दल.

तेव्हा काचेवर चित्र उमटायला वेळ लागायचा, तोवर हलायचं नाही. एवढा वेळ ना हसू टिकतं, ना रडू. मग चेहऱ्याचं काम वस्तू करायच्या. १८५८ साली इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी मृत्युशय्येवरच्या मुलीचा फोटो केला. पाच निगेटिव्ह जोडून. एक नाही, पाच! सगळा देखावा मांडलेला, तरी लोक हेलावले. मला त्यात गलबलवतो तो खिडकीशी पाठमोरा उभा पुरुष. त्याचा चेहरा दिसतच नाही.

आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढे गिरगावातली साधी माणसंही स्टुडिओची पायरी चढू लागली.

त्यातलीच माझी पणजी. पणजोबा नोकरीसाठी आफ्रिकेत मोंबासाला गेलेले. त्यांना पाठवायला तिने फोटो काढवला. ठेवणीतली नऊवारी, नथ, आणि शेजारी रिकामी खुर्ची. खुर्चीवर पणजोबांचं उपरणं, घडी घालून. फोटोवाला म्हणाला, "बाई, तुम्ही बसा." पणजी बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

लहानपणी मी आजीला विचारलं, "ही खुर्ची रिकामी का गं?" आजी म्हणाली, "रिकामी कुठंय? बाबा बसलेत की!"

फोटोत पणजीची बोटं स्वच्छ आलीत, अगदी बांगडीवरच्या नक्षीसकट. हाताला खुर्चीचा आधार होता ना! हनुवटी मात्र किंचित पुसट. आजी सांगायची, "आईनं नेमका तेव्हाच आवंढा गिळला."

हल्ली जुन्या फोटोंत मोबाइलवर रंग भरतात, पुसट भाग स्वच्छ करतात. मला ते मुळीच पटत नाही. तो आवंढा पुसायचा कशाला?

सहा वर्षांनी पणजोबा परतले. पणजी त्यांना त्याच स्टुडिओत घेऊन गेली. दुसऱ्या फोटोत ते खुर्चीवर बसलेत, उपरणं खांद्यावर. आणि पणजीचा हात तिथंच, खुर्चीच्या पाठीवर.