तोफ, अणुभट्टी आणि मधला माणूस

मघाशी चहा घेताना एक दादा म्हणाले, "सर, भाषण मंग द्या. बोफोर्समंदी पैसे खाल्ले का नाही खाल्ले, थे सांगा ना जी एका शब्दात." एका शब्दात सांगता आलं असतं, तर दिल्लीतल्या वकिलांच्या दोन पिढ्या त्यावर जगल्या नसत्या. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२४ मार्च १९८६ ला भारत सरकारचा स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी तोफांचा करार झाला. ४१० तोफा, किंमत सुमारे १,४३७ कोटी. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडनच्या रेडिओनं बातमी फोडली, की हे कंत्राट मिळवायला पैसे चारले गेले. आरोपातला आकडा ६४ कोटींचा. पुढच्याच वर्षी, हा धुरळा उडत असताना, राजीव गांधी आपल्या गोसेखुर्दच्या भूमिपूजनाला आले होते. इथल्या काही म्हाताऱ्या मंडळींना ते आठवत असेल. धरणाचा तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढचं मी सांगायला नको, विषय वाढेल.

तर पैसे दिले गेले, हे स्वीडनच्या सरकारी लेखापरीक्षकांनीच जून १९८७ मध्ये सांगून टाकलं. वाद उरला तो शेवटी ते कोणाच्या खिशात गेले याचा. ज्याच्यावर दलालीचा आरोप होता तो क्वात्रोची हा इटालियन गृहस्थ १९९३ मध्ये देशाबाहेर निघून गेला, तो परत आलाच नाही. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप रद्द केले, २००५ मध्ये हिंदुजा बंधू या उद्योगपतींवरचे. तपासावर सरकारी तिजोरीतले अडीचशे कोटी गेले, असंही त्याच न्यायालयानं सुनावलं. म्हणजे दादा, खाल्ले का? कोणीतरी घेतले एवढं नक्की. कोणी, हे न्यायालयात सिद्ध झालं नाही, आणि जे सिद्ध झालं नाही ते मी माईकवरून सांगणार नाही.

आता हा मधला माणूस काय करतो ते बघू. बाजार समितीत तुमचा-आमचा अडत्या असतो. त्याची अडत ठरलेली, हिशेबपट्टीवर लिहिलेली. शिव्या द्यायच्या तर आकडा बघून देता येतात. बोफोर्सच्या वेळी सरकारनं सांगितलं होतं, मधे दलाल नको. दलाल नको म्हटल्यावर त्याचा पैसा पट्टीवर येणार कसा? तो सल्ल्याच्या फीमध्ये शिरतो, दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या खात्यावर पडतो, तिथून तिसऱ्या देशात जातो. बोफोर्सवाल्यांचं उत्तर तर ऐकण्यासारखं आहे. ते म्हणाले, आम्ही कमिशन दिलंच नाही, जुन्या एजंटांचे करार मोडायला भरपाई दिली. दलालाला काढायलाही पैसे, आणि तेही कोट्यवधींत! असं नशीब आपल्या अडत्याच्याही वाट्याला येत नाही.

अणुऊर्जेत हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. अणुभट्टी विकणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. एका भट्टीची किंमत दुसरीशी ताडून बघणं अवघड. बांधायला दहा-पंधरा वर्षं, तोवर सही करणारा मंत्री घरी बसलेला. फिलिपिन्समधलं बातान बघा. तिथं मार्कोसची हुकूमशाही होती. भट्टीचं काम अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊसला मिळालं, आणि कंपनीचा तिथला एजंट होता डिसिनी, मार्कोसच्या खास बैठकीतला माणूस. सुरुवातीला दोन भट्ट्या सुमारे ५० कोटी डॉलरमध्ये होतील असं सांगितलं होतं. शेवटी एकच झाली, ६२१ मेगावॉटची, आणि खर्च गेला दोनशे कोटी डॉलरच्या वर. १९८६ मध्ये मार्कोस पळाला, त्याच वर्षी चेर्नोबिल झालं, आणि नव्या सरकारनं भट्टी सुरूच केली नाही. तिच्यातून एक युनिट वीज निघाली नाही. कर्ज मात्र लोक २००७ पर्यंत फेडत होते. विजेविना बिल!

निकाल काय लागला? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीनं वेस्टिंगहाऊसला लाचेच्या आरोपातून सोडलं. २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयानं डिसिनीला पाच कोटी डॉलर परत करायला सांगितले. व्यवहार एकच, देश दोन, निकालही दोन.

मात्र खर्च वाढला म्हणजे खाल्लेच, असंही समजू नका. जैतापूरला जी फ्रेंच बनावटीची भट्टी आणायची बोलणी वर्षानुवर्षं चालली आहेत, तिचंच भावंड फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलला बांधलं. ३३० कोटी युरोंचा अंदाज होता. त्यांच्याच लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये हिशेब काढला, तो व्याजबिज धरून १,९१० कोटींचा निघाला. वीज सुरू झाली डिसेंबर २०२४ मध्ये, बारा वर्षं उशिरा. तिथं वेल्डिंग चुकलं, आराखडे बदलले. नालायकी आणि लाच या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. हाच तर घोळ आहे.

आपल्या सरकारनं बड्या नेत्यांसाठी घ्यायच्या ठरवलेल्या अगुस्ता हेलिकॉप्टरचं थोडक्यात. १२ हेलिकॉप्टरं, ३,६०० कोटी. आरोप असा, की किती उंचीवर उडायला हवं ही अट ६,००० मीटरवरून ४,५०० वर आणली, म्हणून ही कंपनी अटीत बसली. २०१४ मध्ये करार रद्द झाला. इटलीत कंपनीचे बडे अधिकारी आधी दोषी ठरले, नंतर सुटले.

लाचेच्या रकमेपेक्षा मागून होणारं नुकसान मोठं असतं, असं माझं मत आहे. बोफोर्सनंतर तोफेच्या फाइलवर सही करायला कोणी धजेना. १९९९ मध्ये कारगिलला त्याच बदनाम तोफा कामी आल्या. परदेशातून नव्या तोफांचा करार व्हायला २०१६ उजाडलं, म्हणजे तीस वर्षं. तोफेचे नकाशे तंत्रज्ञानासकट आपल्याला मिळाले होते, ते कारखान्याच्या कपाटात पडून राहिले. त्यांच्यावरून जबलपूरला बनलेल्या 'धनुष'च्या पहिल्या सहा तोफा सैन्याला मिळाल्या २०१९ मध्ये. तिथंही २०१७ मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला होता : जर्मन म्हणून पुरवलेल्या बेअरिंगा चिनी निघाल्याचा. परदेशी सौदा नाही, स्विस खातं नाही, एक बेअरिंग. भद्रावतीच्या कारखान्यात ज्यांची मुलं कामाला आहेत, त्यांना विचारा बेअरिंग म्हणजे काय ते.

फ्रान्सकडून घेतलेल्या राफेल लढाऊ विमानांबद्दल चिठ्ठी आली आहे. ३६ विमानं, २०१६ चा करार. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीची मागणी फेटाळली, फेरविचाराचे अर्जही २०१९ मध्ये फेटाळले. फ्रान्समध्ये मात्र २०२१ मध्ये तपासासाठी न्यायाधीश नेमले गेले. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात किमतीचे आकडे झाकलेले होते, त्यामुळे स्वस्त की महाग यावर तुम्ही-आम्ही भांडून उपयोग नाही.

पण या करारातली एक गोष्ट आपल्या दाराशी आहे. विक्रेत्यानं कराराच्या निम्म्या रकमेइतकं काम भारतात द्यायचं, याला ऑफसेट म्हणतात. नागपूरच्या मिहानमध्ये राफेल बनवणाऱ्या दसॉ कंपनीचा आणि रिलायन्सचा जो कारखाना आहे, त्याची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. गावातली आयटीआय झालेली पोरं मला विचारतात, तिथं लागतं का हो काही? त्या एका कारखान्याचं मी सांगू शकत नाही, देशभराचं सांगतो. २०२० मध्ये कॅगनं सगळ्या ऑफसेट करारांची झडती घेतली. २०१८ अखेर परदेशी कंपन्यांनी १९,२२३ कोटींचं काम द्यायला हवं होतं. आम्ही ११,३९६ कोटींचं दिलं, असं त्यांनी सांगितलं. त्यातलं संरक्षण मंत्रालयानं मान्य केलं ५,४५७ कोटींचं.