हशा किती फ्रेमचा?

[दृश्य: रिकामं सभागृह. खुर्च्या ओढल्याचे आवाज.]

पडद्यावर अजून काहीच नाही, फक्त प्रकाशाचा चौकोन. तोही तिरका, डावीकडे उंच, उजवीकडे बुटका. कुणीतरी प्रोजेक्टरच्या पायाखाली वही सरकवतं. मग वही काढून पुठ्ठ्याची घडी. आता जमलं.

आज इथं सात ॲनिमेशनपट दाखवायचेत. बनवणारे सगळे इथलेच, बघणारेही. सातही मिळून अर्धा तास भरत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, एवढ्यासाठी एवढी धावपळ?

[दृश्य: टेबलावर कागदांचा गठ्ठा. बोटं कागद फडफडवतात.]

हा गठ्ठा बघा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. हातानं चित्रं काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमना पुरवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटांच्या फिल्मला २,१६०. खोडलेली, फाडलेली, रागानं चुरगळलेली यात धरलेली नाहीत.

ही फिल्म जिनं केली, ती मागच्या रांगेत बसलीय. गोष्ट साधी आहे. वाऱ्यानं पळवलेली छत्री आणि तिच्यामागे धावणारा एक म्हातारा. छत्री उलटी होते त्याआधी तिनं आठ फ्रेमचा थांबा ठेवलाय, एक तृतीयांश सेकंद. हसू तिथं येणार, असा तिचा हिशेब.

[दृश्य: प्रोजेक्टरजवळ लॅपटॉप. आवाजाची चाचणी.]

सात जणांनी सात ठिकाणी आवाज भरलाय, त्यामुळे एक फिल्म कुजबुजते, पुढची किंचाळते. आवाजाच्या बटणावर एक माणूस शेवटपर्यंत बसणार. चौथ्या फिल्ममध्ये विजा चमकतात, म्हणून आधी सूचना द्यायची ठरलीय. १९९७ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या झगमगाटानं शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, हा संकेत त्या फिल्मनं पाळलाय. तरी सांगितलेलं बरं.

[दृश्य: दिवे मालवतात.]

पहिली फिल्म मातीच्या बाहुल्यांची. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. एकेक फ्रेम टिपायच्या या रीतीनंच दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली रोपाची वाढ चित्रित केली होती. ती दाखवूनच त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. इथं रोप नाही, एक पहारेकरी आहे. तो चालायला लागतो आणि तिसऱ्या रांगेत खसखस पिकते. चेहरा मातीचा, नाकडोळे धड नाहीत, पण ती चाल कुणाची हे रांगेला दोन पावलांत कळलंय. ज्याची चाल आहे तो दाराशीच उभा आहे. त्याला मात्र अजून पत्ता नाही.

मोठ्या महोत्सवात ही फिल्म गेली तर तिथं हे हसू येणार नाही. तिथं कारागिरी बघतील, आणि बघावीच. पण ही चाल वाचता येणारे लोक याच खोलीत आहेत.

आता छत्री.

म्हातारा घराबाहेर येतो. बोट ओलं करून वर धरतो, वारा कुठून येतोय ते बघायला. सभागृह फुटतं. तिनं हा भाग उरकून टाकला होता. हशा चालू असतानाच छत्री उडते, आठ फ्रेमचा थांबा येतो आणि जातो, छत्री उलटी होते, आणि कुणाचं लक्षच नाही!

[दृश्य: अंधारात तिचा चेहरा.]

महिनोन्‌महिने फिल्म एकटीनं बघितली की ती दिसेनाशी होते. कुठं काय येणार हे डोळ्यांना पाठ असतं.

२८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमधल्या म्युझे ग्रेव्हँ या संग्रहालयात एमिल रेनो यांनी हातानं रंगवलेली हलती चित्रं पडद्यावर दाखवली. सिनेमाचे आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या ल्युमिए बंधूंच्या पहिल्या जाहीर तिकीट-खेळाच्या तीन वर्षं आधी. आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस त्याच तारखेला पाळतात. रेनोंच्या एका खेळात चित्रं जेमतेम ५००. आजच्या हिशेबानं ४२ सेकंदांत संपतील. पण तो खेळ पंधराएक मिनिटं चालायचा, कारण रेनो स्वतः चित्रांची पट्टी हातानं फिरवायचे. पुढे न्यायचे, मागे आणायचे, तीच हालचाल पुन्हा दाखवायचे. लॅपटॉपमधली फाइल कुणासाठी थांबत नाही.

[दृश्य: दिवे लागलेले. प्रश्नोत्तरं.]

पहिला प्रश्न, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं? तो असतोच. एका मुलाला मात्र छत्री परत का मिळाली नाही, एवढंच हवंय. तिच्याकडे उत्तर नाही.

उशिरा आलेली मंडळी छत्री पुन्हा दाखवा म्हणतात. दिवे परत मालवतात. या वेळी ती मागच्या रांगेत बसत नाही. लॅपटॉपपाशी जाते.

म्हातारा बाहेर येतो. बोट ओलं करतो. वर धरतो.

ती स्पेसबार दाबते. चित्र गोठतं. म्हाताऱ्याचं बोट वरच, आणि हशाची लाट पुढच्या रांगेपासून दारापर्यंत जाते. ती ऐकत उभी राहते. आवाज ओसरतो, कुणीतरी खोकतं.

ती पुन्हा स्पेसबार दाबते. छत्री उडते.