सरकत्या पट्टीतला काना

वृत्तवाहिनीच्या तळाशी उजवीकडून डावीकडे सरकणारी बातम्यांची पट्टी जरा जवळ जाऊन पाहा. शब्दांवरची शिरोरेघ रेखीव असते, पण काना आणि इतर उभ्या रेघा मात्र दोन्ही बाजूंना पसरून फिकट झालेल्या दिसतात. ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतःच उजळतो अशा पडद्यावरच्या पट्टीचे छायाचित्र क्षणार्धात टिपले, तर त्यात प्रत्येक काना ठसठशीत उमटतो. मग जो पुसटपणा पडद्यावर नाही, तो आपल्याला दिसतो कसा?

तो आपल्या डोळ्यात तयार होतो. वाचताना नजर पट्टीबरोबर अखंड सरकत असते, पडद्यावरचे चित्र मात्र सरकत नाही. सेकंदाला ५० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र २० मिलिसेकंद जागच्या जागी उजळलेले राहते आणि मग एकदम पुढच्या जागी दुसरे येते. पट्टीने १९२० ठिपक्यांची रुंदी ४ सेकंदांत कापली, तर एका चित्राच्या मुक्कामात नजर सुमारे १० ठिपके पुढे जाते आणि जागीच उभा असलेला काना दृष्टिपटलावर तेवढ्या रुंदीने फरफटतो. शिरोरेघही फरफटते, पण स्वतःच्याच दिशेने, म्हणून ती शाबूत दिसते.

जुन्या काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचात प्रत्येक ठिपका जेमतेम एक-दोन मिलिसेकंद उजळून विझत असे, त्यामुळे प्रतिमा फरफटायला अवधीच मिळत नसे. नव्या चपट्या पडद्यावर क्रिकेटचा चेंडू पूर्वीसारखा स्वच्छ दिसत नाही, असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांची तक्रार रास्त होती. दुकानात सांगितला जाणारा ‘एक मिलिसेकंद’ हा आकडा ठिपक्याचा रंग बदलण्याचा वेग सांगतो. चित्र किती वेळ तेवत राहते, हे त्यावरून कळत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

दोन चित्रांच्या मध्ये काळोख घातला तर रेघा सुधारतात, पण उजेड घटतो आणि काहींना लुकलुक जाणवते. सेकंदाला १०० चित्रे दाखवली तर फरफट निम्मी होते. मात्र मधली चित्रे संचानेच कल्पून भरली, तर चित्रपटाची हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत भासते आणि ती अनेकांना खटकते.

पडद्याच्या खालच्या चौकटीवर, पट्टीच्या अगदी लगत एक टिकली लावा आणि नजर तिच्यावरच खिळवा. अक्षरे आता लहान लहान उड्या घेत पुढे जाताना दिसतील, आणि नजर टिकली सोडून पट्टीमागे निघाली की काना पुन्हा पसरेल.